सात डावे हात

पहिला प्रश्न विचारला आणि अकराच्या अकरा हात वर गेले.

वर्गात अकराच जण होते. हेर ब्रांट, म्हणजे श्रीयुत ब्रांट, यांचाही हात वर होता. त्या आठवड्यापर्यंत, आठ महिन्यांत त्यांनी एकदाही हात वर केला नव्हता. मागच्या टेबलाशी विभागप्रमुख फ्राउ, म्हणजे श्रीमती, होल्त्स बसल्या होत्या. मांडीवर चौकटींचं पॅड, हातात पेन्सिल. हात वर गेले तसं त्यांनी काहीतरी लिहिलं. मला ती चांगली खूण वाटली.

मी झेहराला विचारलं. तिने बरोबर उत्तर दिलं. दुसरा प्रश्न, पुन्हा अकरा हात. मी दुसऱ्या बाईंना विचारलं, त्यांचंही उत्तर बरोबर. घड्याळ बघितलं. नऊ मिनिटं झाली होती आणि कागदावरच्या योजनेत नऊ मिनिटांना जिथे असायला हवं, तिथेच मी होते.

या वर्गापर्यंत मी कशी आले, ते आधी सांगते. पुण्यात एका दैनिकात मी आधी वार्ताहर आणि मग नऊ वर्षं उपसंपादक होते. नवऱ्याला जर्मनीत डार्मश्टाटमध्ये नोकरी मिळाली आणि आम्ही तिकडे गेलो. डार्मश्टाटमध्ये मराठी उपसंपादकाच्या जागा निघत नाहीत. पत्रकारितेच्या आधीची माझी पदवी गणिताची होती आणि गणिताच्या शिक्षकांची तिथे टंचाई होती. म्हणून छत्तिसाव्या वर्षी मी माध्यमिक शाळेत शिक्षिका व्हायचं ठरवलं.

शिक्षण खात्याला पत्र लिहिलं. चार महिन्यांनी उत्तर आलं. गणित मान्य, पण जर्मनीत माध्यमिक शिक्षकाला दोन विषय लागतात. दुसरा विषय विद्यापीठात शिकायचा. त्यानंतर शाळेत देखरेखीखाली प्रशिक्षण आणि शेवटी परीक्षकांसमोर तास घेऊन परीक्षा. एकूण पाच-सहा वर्षांचं काम. मात्र शिकत असताना शाळा बदली शिक्षक म्हणून कंत्राटावर घेऊ शकते. जवळच्या एका शाळेत पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपासून तशी गणिताची जागा रिकामी होणार होती. मुख्याध्यापकांना मी भेटले. ते सभ्यपणे बोलले. म्हणाले, तुम्ही जर्मन बोलणाऱ्या वर्गासमोर उभ्या राहिल्या आहात, असं लेखी आणा. अभिप्राय मेअखेर हवा.

लेखी आणायचं तर आधी उभं राहायला हवं. त्यासाठी मी फोल्क्सहोखशूलेमध्ये गेले.

फोल्क्सहोखशूले म्हणजे गावोगावी असलेलं सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज. तिथे प्रौढांना काहीही शिकता येतं : योगासनं, हिशेब, स्पॅनिश, शिवणकाम. मी स्वतः तिथेच तळमजल्यावर दीड वर्ष जर्मन शिकले होते. दुसऱ्या मजल्यावर वेगळं काम चालायचं. ज्यांची शाळा अर्धवट सुटली अशा मोठ्या माणसांना शालान्त परीक्षेला बसवायचं. आपल्याकडच्या सतरा नंबरच्या फॉर्मसारखं, फक्त वर्षभराच्या रोजच्या वर्गासह. त्यांना तासावर गणित शिकवणारं कुणीतरी हवं होतं. २०१४ च्या सप्टेंबरात मी जिना चढून वर गेले.

वर्ग सकाळी साडेआठचा. झेहरा चौतीस वर्षांची, दोन मुलांची आई. दहा वर्षं बेकरीच्या काउंटरवर काम करून तिला आता नर्सिंगचं प्रशिक्षण घ्यायचं होतं. त्यासाठी प्रमाणपत्र लागणार होतं. हेर ब्रांट सत्तेचाळीस वर्षांचे, गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचे. शिफ्ट लीडर व्हायचं तर त्यांनाही प्रमाणपत्र हवं होतं. बाकी नऊ जण असेच कुठेतरी अडलेले.

वर्गात सगळे एकमेकांना पहिल्या नावाने आणि 'दू' म्हणजे 'तू' म्हणायचे. मला वयाने अकरा वर्षांनी मोठ्या माणसाला 'ए उवे' म्हणणं जमेना. मी हेर ब्रांटच म्हणत राहिले, म्हणून वर्गही मला फ्राउ पाटणकर म्हणे. ते एकदा म्हणाले, "मला हेर ब्रांट फक्त पोलीस म्हणतात." तेवढंच. त्यानंतर ते काही बोलल्याचं मला आठवत नाही. वहीत सगळं उतरवून घ्यायचे. मी त्यांना समजतंय असं धरून चालले होते.

एप्रिलअखेर फ्राउ होल्त्स यांची ईमेल आली. मेच्या पहिल्या गुरुवारी त्या माझा पंचेचाळीस मिनिटांचा तास बघणार होत्या. त्यावरून अभिप्राय लिहिणार होत्या. मुख्याध्यापकांना हवा होता तो हाच कागद. तो चांगला आला तर ऑगस्टमध्ये शाळा. नाही आला तर पुन्हा कधी, ते सांगता येत नव्हतं.

त्या वेळी माझ्या सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. कराडजवळच्या एका शाळेत त्या एकतीस वर्षं शिक्षिका होत्या, शेवटची आठ वर्षं मुख्याध्यापिका. मेथी निवडताना त्यांनी विचारलं, कोण येणार आहे म्हणे तुझ्या वर्गावर?

"विभागप्रमुख. तास बघायला."

"म्हणजे तपासणी. मग तयारी झाली का?"

"झालीय आई. सगळं लिहून काढलंय."

"तुझी नाही गं. वर्गाची."

मग त्यांनी पद्धत सांगितली. मला ती ठाऊक होती. लहानपणी बार्शीच्या शाळेत मी स्वतः त्या पद्धतीने हात वर केलेला होता. तपासणीच्या आदल्या दिवशी तोच धडा, तेच प्रश्न, त्याच क्रमाने घ्यायचे. साहेबांसमोर प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचे. ज्याला येतं त्याने उजवा, ज्याला येत नाही त्याने डावा. बाईंनी उजव्या हातांनाच विचारायचं. वर्ग हुशार दिसतो, कुणाची फजिती होत नाही, साहेब चहा घेऊन जातात.

"आणि साहेबांना कधी कळलं नाही?" मी विचारलं.

"न कळायला काय झालं? तेही आधी मास्तरच होते."

माझी मुलगी ईरा तेव्हा सात वर्षांची होती. टेबलाखाली बसून ती काहीतरी रंगवत होती. तिथूनच ती जर्मनमध्ये म्हणाली की, पण आजी, ही तर चीटिंग आहे. मराठी तिला सगळं समजायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये यायचं.

"काय म्हणतेय?" सासूबाईंनी विचारलं.

"छान युक्ती आहे म्हणतेय."

नऊ वर्षं मी दुसऱ्यांच्या मजकुरातलं नको ते काढून टाकण्याचा पगार घेतला होता. तेव्हाही तेच केलं.

मंगळवारी मी वर्गाला सांगितलं की, गुरुवारी पाहुण्या येणार आहेत, आपण तो तास आज एकदा करून बघू. यात काही वावगं आहे असं माझ्या मनातही आलं नाही. पाहुणे येणार म्हणून आपण घर आवरतो. कॉटखाली ढकललेल्या वस्तूंना कुणी खोटेपणा म्हणत नाही.

हात कसा करायचा ते दाखवायला मी तळवा उघडा ठेवून हात सरळ वर केला. 

"बोट, फ्राउ पाटणकर," झेहरा म्हणाली. "फक्त बोट. या देशात तसा सरळ हात करत नाहीत, ती नाझी सलामी होते."

मी हात खाली घेतला. आठ महिने रोज मी त्यांची वर केलेली बोटं बघत होते आणि तळवा का नसतो, हा प्रश्न मला पडला नव्हता. वार्ताहराला हे शोभलं नसतं.

मग उजवं बोट आणि डावं बोट समजावून सांगितलं. झेहरा हसायला लागली. हे नाटक आहे का, तिने विचारलं. मी म्हटलं, तयारी आहे. कुणीतरी विचारलं की, भारतात सगळे असंच करतात का. मी म्हटलं, पुष्कळ. त्यांना गंमत वाटली. माझ्यावर त्यांचा लोभ होता आणि अभिप्रायाचं महत्त्व मी त्यांना सांगितलं होतं. ते तयार झाले. हेर ब्रांटनी आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले आणि विचारलं, "म्हणजे येत नसलं तरी हात वर करायचा?"

"हो. डावा. मी तुम्हाला विचारणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मान डोलावली. मंगळवारी तास उत्तम झाला. गुरुवारी तो आणखी उत्तम होत होता.

विषय होता त्रैराशिक. जर्मनमध्ये त्याला ड्रायझात्स म्हणतात. पद्धत आपल्यासारखीच : आधी एकावर यायचं, मग हव्या त्या संख्येवर जायचं. चार किलो सफरचंदांची किंमत दिली असेल तर भागून एका किलोची काढायची, मग गुणायचं. हे सरळ. त्या दिवशीचं व्यस्त होतं. चार रंगारी एक घर सहा दिवसांत रंगवतात, तर तीन रंगारी किती दिवसांत? इथे एका रंगाऱ्यावर येताना गुणायचं : चोवीस दिवस. मग तीनने भागायचं : आठ दिवस. झेहराने आठ सांगितलं. फळ्यावर मी चौकट केली. अठ्ठावीस मिनिटं झाली होती.

तेव्हा फ्राउ होल्त्सनी बोट वर केलं. उजवं.

एक प्रश्न विचारू का, त्यांनी मला विचारलं. नाही म्हणता येत नव्हतं. त्या हेर ब्रांटकडे वळल्या.

"तुम्ही पहिल्यापासून डावा हात वर करताय आणि तुम्हाला कुणी विचारत नाहीये. उजवा खांदा दुखतोय का?"

"नाही," हेर ब्रांट म्हणाले. "डावा म्हणजे मला येत नाही."

त्यात तक्रार नव्हती. चुगलीही नव्हती. त्यांना सरळ प्रश्न विचारला गेला होता आणि त्यांनी सरळ उत्तर दिलं होतं. मी त्यांना वर्गात काय करायचं ते सांगितलं होतं. पाहुण्यांना काय सांगायचं नाही, ते सांगितलं नव्हतं. आम्हाला बार्शीत तेही सांगावं लागलं नव्हतं.

"हे कधी ठरलं?"

"मंगळवारी. तास घेतला तेव्हा."

"हाच तास?"

"गेनाऊ."

अगदी बरोबर, म्हणजे. झेहरा वहीत बघत होती. माझ्या डोक्यात एकच तारीख होती, ऑगस्टची. फ्राउ होल्त्सनी पॅडची पानं उलटली, एका पानावर आडवी रेघ मारली. मग त्यांनी हेर ब्रांटना विचारलं की, नेमकं काय येत नाही.

हेर ब्रांटनी फळ्याकडे बोट केलं. "सफरचंदांच्या वेळी एकावर आलो तेव्हा उत्तर लहान झालं. इथे एकावर आलो तर चोवीस झालं. एक म्हणजे कमी. कमी असताना उत्तर मोठं का होतं?"

वर्षभरात माझ्या वर्गात विचारला गेलेला सर्वांत चांगला प्रश्न तो होता. तो आमच्या योजनेत नव्हता.

"आल्झो, फ्राउ पाटणकर," फ्राउ होल्त्स म्हणाल्या, "सतरा मिनिटं आहेत. बिट्टे." म्हणजे, तर मग, घ्या पुढे. आणि त्या खाली बसल्या.

मी कागद टेबलावर पालथा ठेवला. पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं. बातमी कळत नसली की माणसाला त्याच्या कामाबद्दल विचारायचं, एवढी एक सवय जुन्या नोकरीतून उरली होती. मी विचारलं, तुमच्या गोदामात एक ट्रक रिकामा करायला किती वेळ लागतो?

"तीन फोर्कलिफ्ट असल्या तर चाळीस मिनिटं."

"आणि बाकीचे दोघं आजारी पडले तर?"

"मग मी एकटा. दोन तास. आणि ट्रकवाला शिव्या घालतो."

"हे दोन तास कसे काढलेत?"

"काढले नाहीत. मला माहीत आहेत." ते फळ्यावरच्या चोवीसकडे बघत राहिले. "एकटा आहे म्हणून जास्त वेळ लागतो," ते सावकाश म्हणाले. "तो एक रंगारी म्हणजे मी."

"बरोबर," मी म्हटलं. "आणि चार फोर्कलिफ्ट असल्या तर?"

"अर्धा तास. पण नाही. रॅम्प तीनच आहेत. चौथी मागे उभी राहणार."

वर्ग हसला, मग वाद सुरू झाला. कुणी म्हणालं की, मग गणित खोटं. झेहरा म्हणाली, गणित खोटं नाही, गोदाम लहान आहे. बेकरीत चार बायका असल्या तरी ओव्हन एकच असतो, हे तिने सांगितलं. मी विचारलं, हे अजून कुणाला नीट कळलेलं नाही? खरं सांगा, आता लपवायचं काही उरलेलं नाही.

सात डावे हात वर आले. हेर ब्रांट धरून सात. म्हणजे गेली अठ्ठावीस मिनिटं मी अकरा हात बघत होते आणि त्यांतले सात मला दिसत नव्हते. मागून ते सगळे स्पष्ट दिसत असणार. घंटा होईपर्यंत त्यांतले तीन खाली आले.

नंतर ऑफिसात फ्राउ होल्त्सनी मला कॉफी दिली. त्या चिडलेल्या नव्हत्या. त्याचं मला जास्त दडपण आलं.

"पहिल्या अठ्ठावीस मिनिटांबद्दल मी काही लिहू शकत नाही," त्या म्हणाल्या.

"वाईट झाली म्हणून?"

"झालीच नाहीत म्हणून. तो तास मंगळवारी झाला. मी गुरुवारी आले."

मी माफी मागितली. माफी नको, माहिती द्या, असं त्या म्हणाल्या. हे डाव्या हाताचं कुठून आलं? मी तपासणी, साहेब आणि चहा असं सगळं सांगितलं, त्याआधी हेर ब्रांट कधीच हात वर करत नसत, हेही. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या, मध्येच लिहूनही घेत होत्या. येत नसलेल्याने हात वर का करायचा, खालीच का ठेवायचा नाही, हे त्यांना कळत नव्हतं. मी म्हटलं, खाली ठेवला तर तो उघडा पडतो. त्या म्हणाल्या, इथे आठ महिने हेर ब्रांटचा हात खाली होता आणि तुम्हाला ते उघडे पडलेले दिसले नाहीत.

मी कॉफीचा कप खाली ठेवला.

"तुम्ही हे मला फसवायला केलंत?"

"नाही. तुम्ही पाहुण्या होतात. पाहुणे यायचे असले की आम्ही घर आवरतो."

"मला पसाराच बघायचा होता," त्या म्हणाल्या. "आवरलेल्या घरात माझं काय काम?"

मला खरं तर हे माहीत असायला हवं होतं. प्रश्न आधीच वाटून ठेवलेल्या पत्रकार परिषदा मी पुष्कळ बघितल्या होत्या. मागे बसणाऱ्याला ते दुसऱ्या प्रश्नाला कळतं. मी तेव्हा मागे बसत असे, एवढाच फरक.

निकाल असा लागला. सतरा मिनिटांवर अभिप्राय लिहायला फ्राउ होल्त्स तयार झाल्या नाहीत. आणखी एक तास बघावा लागेल, या वेळी न कळवता, असं त्यांनी सांगितलं. त्या आल्या जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. तोपर्यंत मेअखेर उलटली होती आणि ऑगस्टची जागा दुसऱ्याला गेली होती. मुख्याध्यापकांनी तसं दोन ओळींत कळवलं.

जूनच्या त्या दिवशी आम्ही टक्केवारीशी झगडत होतो. फळा अस्वच्छ होता. डावे हात तेव्हाही वर होते. मी ती पद्धत त्या गुरुवारीच बंद केली होती, पण शुक्रवारी झेहरा म्हणाली की, डावा हात राहू द्या. 'मला कळलं नाही' हे तोंडाने म्हणण्यापेक्षा सोपं आहे. फक्त आता आधी डाव्या हातांना विचारा. म्हणून क्रम बदलला. आधी डावे, मग उजवे. फ्राउ होल्त्स पंचेचाळीस मिनिटं बसल्या आणि काही न विचारता गेल्या. अभिप्राय एका पानाचा आला. त्यात माझ्या जर्मन उच्चारांवर एक परिच्छेद होता, वेळेच्या नियोजनावर एक, दोन्ही प्रतिकूल. शेवटचं वाक्य होतं : यांच्या वर्गात ज्यांना येत नाही, तेही हात वर करतात.

तो कागद घेऊन मी मुख्याध्यापकांकडे पुन्हा गेले. त्यांनी शेवटच्या वाक्यावर बोट ठेवून हे काय आहे असं विचारलं. मी मंगळवारपासून सगळं सांगितलं. फेब्रुवारीत त्यांच्याकडे जागा निघाली. ती मला मिळाली. माझं सहा महिन्यांचं नुकसान झालं. हेर ब्रांट उन्हाळ्यात परीक्षा पास झाले. गणितात त्यांना तीन मिळाले, म्हणजे समाधानकारक. निकालाच्या दिवशी ते म्हणाले, आता तरी उवे म्हणा. मी एकदा म्हटलं.

सासूबाई कराडला परतल्या होत्या. त्यांना फोनवर सांगितलं की, डावा हात आता मी पहिल्यांदा विचारते.

"मग साहेब आले की काय करणार?" त्यांनी विचारलं.

ते दशक संपता संपता कळलं. दुसरा विषय म्हणून भूगोल झाला, प्रशिक्षण झालं आणि शेवटच्या परीक्षेचा तास आला. सातवीचा वर्ग, सव्वीस मुलं, मागे चार परीक्षक. तालीम घेतली नव्हती. पहिल्या प्रश्नाला चौदा डावी बोटं वर गेली. मी मोजली. परीक्षकही मोजत होते. तास संपला तेव्हा पाच उरली होती.

मी पास झाले. शेऱ्यात लिहिलं होतं की, वेळ कमी पडला. ते खरं होतं. तपासायला येणाऱ्याला पसारा जरूर दाखवावा, पण तो आवरायला किती वेळ लागेल याचा अंदाज आधी घ्यावा. मला तो अजून नीट येत नाही.